आस्फ्रिड नावाची वाक्यं

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती नवऱ्याला सोबत घेऊनच. माहेर म्हणजे काही नागपूर नव्हे. बाबांच्या नोकरीपायी आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला भाड्याच्या घरात राहत होतो, आणि ताईचं बिऱ्हाड तिथून गाडीने तासाभरावर. पण आईचं म्हणणं, पहिलं बाळंतपण माहेरीच होते ना बाप्पा, मग ते तासाभरावरचं का असेना. त्यावर जिजू म्हणाला, मी तिकडे एकटा काय करू, मीही येतो. झालं! जावईच बाळंतपणाला येऊन राहिला. आई त्याला 'एरिकराव' म्हणायची आणि तो 'यस, आई' म्हणून खांदे वाकवून उभा राहायचा. सहा फुटांहून उंच माणूस, आमच्या जिन्याचं छत बुटकं, त्यामुळे दिवसातून एकदा तरी त्याचं कपाळ शेकायचं. मिनेसोटातल्या शेतकऱ्याचा मुलगा, शाळेत इतिहास शिकवायचा, आणि नॉर्वेहून बोटीने आलेल्या पणजोबांचा त्याला भारी अभिमान. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जात होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. आता चाळिशी उलटून गेली, केस रंगवायचंही सोडून दिलं, आणि मला काय कळतं ते कृपा करून विचारू नका.

त्या घरात आवाज फार होते. तळघरातली भट्टी पेटली की पाइपांतून कोणीतरी हातोडी मारत चालल्यासारखं व्हायचं. पहाटे बर्फ ओढणारा ट्रक रस्ता खरवडत जायचा. आणि आईने फोडणी टाकली रे टाकली की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायचा. आईने त्याला एक प्लॅस्टिकची शॉवर कॅप घातली होती. जिजूला ते बेकायदा वाटायचं. तो घाबरून आधी कॅपकडे आणि मग कढईकडे बघायचा. पण गोळाभात खायला बसला की कायदा विसरायचा. ताईसाठी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सुंठ घातलेलं दूध, सगळं महिनाभर आधीच सुरू झालं. "अगं आई, हे सगळं नंतर असतं ना," ताई म्हणायची. "नंतर वेळ कुठे भेटते? आता खाऊन घे," असं आईचं उत्तर. बाबा संध्याकाळी घरी यायचे ते कोट न काढताच खुर्चीत बसायचे. त्यांच्या ऑफिसात लोकांना काढणं चालू होतं आणि रोज कोणाचं तरी टेबल रिकामं दिसायचं. त्या हिवाळ्यात आमच्या घरात चांगली म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती ताईच्या पोटात.

नाव जिजूने काढलं. मुलगी आहे हे कळलंच होतं. जेवताना तो म्हणाला, "आस्फ्रिड." कोणालाच काही बोध होईना. मग त्याने सांगितलं की हे फार जुनं नाव आहे, हजार वर्षांपूर्वी डेन्मार्ककडच्या एका राणीचं, आणि आता नॉर्वेतसुद्धा कोणी सहसा ठेवत नाही. अर्थ विचारला तर म्हणाला, देवासारखी सुंदर. आई पटकन म्हणाली, "मग सुरूपा ठेवा ना! देवरूपा ठेवा!" जिजूला मराठी कळत नव्हतं तरी तो हसला, कारण आईचा आवाज कळत होता. त्याने इंटरनेटवर शोधलं होतं की इंग्रजी वाक्यांत हे नाव कसकसं वापरतात. फोनची तार कॉम्प्युटरला लावून, ती करकर ऐकत, तासभर बसून त्याला मूठभर वाक्यं सापडली. आस्फ्रिड अमक्याची मुलगी होती. आस्फ्रिड तमक्याची बायको होती. आस्फ्रिड त्याची आई होती. संपलं. त्या बाईने कधी पाणी प्यायलं, कधी दार उघडलं, कोणावर ओरडली, असं एकही वाक्य नव्हतं. जिजू म्हणाला, नाव चांगलं आहे की नाही हे रोजच्या वाक्यात घालून बघितल्याशिवाय कळत नाही. त्याचे वडील वासराला नाव देतानासुद्धा आधी मागच्या दारातून दोनदा हाका मारून बघायचे. तेव्हा वाक्यं आपणच बनवू.

मग काय, रोजचा खेळच झाला. "आस्फ्रिड, गेट डाउन फ्रॉम देअर!" जिजू फ्रिजकडे बघून ओरडायचा. "आस्फ्रिड इज लेट फॉर द बस अगेन," मी म्हणायचे. ताई पोटावर हात ठेवून हळूच म्हणायची, "आस्फ्रिड डझंट लाइक ब्रॉकली, शी लाइक्स भेंडी." मी पुढे जाऊन तिला मोठी केली, तिला ड्रायव्हिंग शिकवलं, तिचा बॉयफ्रेंड जिजूला आवडत नाही असं एक लांबलचक वाक्य केलं, आणि जिजू खरंच दुखावल्यासारखा गप्प बसला. बाबांना आग्रह केला तेव्हा त्यांनी बराच विचार करून एकच वाक्य दिलं, तेही मराठीत: "आस्फ्रिड, अभ्यास झाला का?" आम्ही पोट धरधरून हसलो. बाबाही हसले. त्या हिवाळ्यात ते हसलेले मला एवढंच आठवतं. आई मात्र या खेळात कधी आली नाही. "काय ते नाव! हाक मारेपर्यंत पोरगी रस्ता ओलांडून जाईन," एवढं म्हणून ती भाकरी थापत राहिली. ते नाव तिने तोंडातून काढलं नाही.

एकदा तिने मला विचारायला लावलं, त्या राणीचं पुढे काय झालं? जिजू सरळ माणूस, खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. म्हणाला, पुढचं खात्रीने एवढंच माहीत आहे की तिचा मुलगा तिच्या आधी गेला. मी ते मराठीत सांगितलं आणि आईच्या हातातला झारा कढईतच राहिला. "मुलगा गमावलेल्या बाईचं नाव? पोरीला? काहून रे बाबा, जगात दुसरी नावं संपली काय?" त्यावर खूप बोलाबोली झाली. ताई म्हणाली, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. आई म्हणाली, असू दे, माझी आहे, तुझं काय जातं. शेवटी ताईनेच तोड काढली. नाव जिजू म्हणतो तेच राहील, पण बाराव्या दिवशी रीतसर बारसं होईल आणि तोवर बाळाला त्या नावाने कोणी हाक मारायची नाही, कुठे लिहायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. "माझा शब्द," ताई म्हणाली. आमच्यात बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. जिजूची बहीण कॅरन मिनेसोटाहून त्यांच्या घरातला जुना, फुलं रंगवलेला लाकडी पाळणा गाडीत घालून येणार होती. कॅरनला फोनवर 'कुर्रर्र' करायला मी शिकवलं. ती तिकडून ट्रॅक्टर सुरू केल्यासारखा आवाज काढायची आणि स्पीकरवर ऐकून आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची.

बाळ फार लवकर आलं. भर दुपारी, बाहेर स्वच्छ ऊन आणि डोळे दिपवणारं बर्फ, ताई पोट धरून जिन्यात बसली ती उठलीच नाही. वूस्टरच्या हॉस्पिटलात नेलं आणि संध्याकाळपर्यंत आस्फ्रिड या जगात आलेली होती, माझ्या तळहाताहून थोडी मोठी, काचेच्या पेटीत, नाकात नळी, आणि डोक्यावर बाहुलीला बसेल अशी विणलेली टोपी. लहान बाळांच्या त्या विभागात प्रत्येक पेटीवर नर्सनी रंगीत कागदाची अक्षरं कापून नावं चिकटवली होती. कुठे ढग, कुठे ससे. आमच्या पेटीवर नुसतं 'बेबी गर्ल' आणि पुढे जिजूचं आडनाव. डोना नावाची एक जाडजूड, मायाळू नर्स होती. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "व्हॉट्स हर नेम, हनी?" ताईने आईकडे बघितलं. आई आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "ट्वेल्थ डे. नेम, ट्वेल्थ डे." डोनाला ते विचित्र वाटलं असणार, पण ती भली बाई. "वेल, आय कान्ट कॉल यू बेबी गर्ल, कॅन आय?" असं पेटीशी बोलत तिने बाळाचं नाव पीनट ठेवून टाकलं. पीनट आज दूध पचवतेय. पीनटने रात्री सगळ्यांना घाबरवलं. पीनट इज अ फायटर. घरी येऊन आईचा संताप संताप. "आम्ही नाव राखून ठेवलं आणि ही बाई माझ्या नातीला शेंगदाणा म्हणून राहिली!" पण दुसऱ्या दिवशी डोनासाठी चिवड्याचा डबाही आईनेच भरून दिला.

पाचवीला आईने घरीच पाट मांडला, वर कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणतात, तिला लिहायला काही हवं ना. बाळ तिकडे पेटीत, बाळंतीण व्हीलचेअरवर तिच्या शेजारी, आणि इकडे रिकाम्या खोलीत पाट. मी म्हटलं, "आई, सटवाईला पत्ता सापडेल का वूस्टरचा?" बोलून गेले आणि आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने उदबत्ती लावली. त्या दिवसांत ताई काचेला तोंड लावून बाळाशी काहीबाही बोलायची. बोलता बोलता थांबायची, ओठ हलायचे आणि परत मिटायचे. शब्द दिला होता ना. आमचा खेळ घरात पुन्हा कोणी काढला नाही. बनवलेली वाक्यं तेवढी माझ्या डोक्यात फिरत राहायची, बस आणि भेंडी आणि तो कोण बॉयफ्रेंड. मी काचेतून त्या टोपीकडे बघायचे आणि मला वाटायचं, बाई गं, तुला किती कामं लावून ठेवलीत आम्ही.

बारसं अगदी तोंडावर आलं होतं. आईने मराठी मंडळाच्या बायकांना बोलावणी केली होती, हरभरे निवडून ठेवले होते, कॅरन पाळणा घेऊन निघाली होती. त्या दिवशी सकाळी हॉस्पिटलातून फोन आला, सगळ्यांनी या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलत होत्या. बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नळ्या काढून बाळ ताईच्या कुशीत द्यावं, एवढंच. एका छोट्या खोलीत आम्हाला नेलं. खिडकीतून ऊन येत होतं. ताईच्या हातात ती पहिल्यांदा आली, पहिल्यांदाच, आणि तिला कसं धरायचं ते ताईला कळेना. डोनाने हात धरून दाखवलं. मग डोना खाली वाकून म्हणाली, नाव ठेवलं असेल ना तुम्ही तिचं? आता सांगून टाका तिला. ऐकू येतं त्यांना.

ताईने मान वर केली. जिजूकडे नाही, आईकडे बघितलं. "आई," ती म्हणाली, "ठेवू?"

मी हे आयुष्यात कितीदा पुन्हा पाहिलंय ते मलाच माहीत. आईचा चेहरा पांढराफटक. ती नाही नाही अशी मान हलवत होती. "बाराव्याला. आज नाही, सोन्या. आज ठेवलं तर..." पुढे तिला बोलवेना, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. आज ठेवलं तर ती जातेय हे कबूल केल्यासारखं होईल. बारसं अजून व्हायचंय, म्हणजे पोरगी राहणार. हा आईचा हिशोब होता आणि त्या क्षणी मलाही तो पटला, देवाशपथ पटला. जिजूला काही समजेना म्हणून तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याला इंग्रजीत काय सांगणार होते? ताईने बाळाच्या टोपीवर ओठ टेकले. थोड्या वेळाने बाळाचा श्वास थांबला. त्या खोलीत तिला उद्देशून कोणी बोललं असेल तर ती एकटी डोना. ती म्हणाली, "बाय-बाय, पीनट."

कॅरन तेव्हा वाटेत कुठेतरी मोटेलात होती. जिजूने कॉरिडॉरमधून तिला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. "कॅरन," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकला. "आस्फ्रिड डाइड दिस मॉर्निंग." एवढं बोलून तो फोन तसाच हातात धरून उभा राहिला आणि तिकडून कॅरनचा आवाज येत राहिला. त्या नावाचं आमच्यापैकी कोणी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

एवढं लहान मूल आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. त्यांच्यातही पुरतात. दोन घरांचं काही वाद न होता जमलं असं तेवढंच. बाबा, जिजू आणि ताई गेले. आई गेली नाही. मी तिच्याबरोबर स्वयंपाकघरात थांबले. ती ओट्याशी उभी राहून निवडलेले हरभरे पुन्हा निवडत होती. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तुझ्या ताईच्या आधी मला एक मुलगा झाला होता." मला हे माहीत नव्हतं. ताईलाही नव्हतं. "सातव्या महिन्यातच मी त्याचं नाव ठेवून बसली होती. तुझ्या आजीने किती सांगितलं, नको ठेवू. चार दिवस होता. आता इतकी वर्षं झाली, पण कुठे रस्त्यावर कोणी त्या नावाने पोराला हाक मारली की माझी मान वळते. नाव ठेवलं की पोर घरातून जात नाही, मिनू. बिनानावाचं असतं ना, तर विसरली असती मी. तिला तरी विसरता यावं." काय नाव होतं, ते मी विचारलं नाही. आणि हे सगळं ताई घरी आल्यावर मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती पलंगावर पडून भिंतीकडे बघत होती, दूध येत होतं म्हणून छातीवर टॉवेल बांधलेला. ती म्हणाली, "मला विसरायचंय असं कोणी सांगितलं तिला?"

बाराव्या दिवशी कॅरन आमच्या घरी होती. पाळणा गॅरेजमध्ये, ब्लँकेटात गुंडाळलेला. बाबांनी मंडळाच्या सगळ्या बायकांना एकेक करून फोन केले होते, ते कसे केले असतील ते त्यांचं त्यांना माहीत. त्यांतल्या शोभाकाकू मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेल्या होत्या, त्यांच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवला होता. त्या आदल्या रात्री परतल्या आणि मशीन काही त्यांनी ऐकलं नाही. दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं तर काकू, नऊवारी नेसलेल्या, वरून जाड कोट, पायात बर्फाचे बूट, एका हातात गिफ्टची पिशवी आणि दुसऱ्या हातात घुगऱ्यांचा मोठा डबा. "उशीर झाला गं बाई, बर्फात गाडी निघेना! आटोपलं का? काय नाव ठेवलंत?"

मागून आई आली. तिने काकूंच्या हातातला डबा घेतला, तो गरम होता म्हणून पदराने धरला, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नाव ठेवायचं राहिलं हो, शोभाताई. गेली ती."

काकू तिथेच मटकन बसल्या, बुटांसकट. आणि मला जिन्यावर ताई दिसली. कधी उठून आली होती कोण जाणे. भिंतीला धरून उभी होती, केस विस्कटलेले. "राहिलं नाही," ती म्हणाली. "आई, राहिलं नाही. तिचं नाव होतं. तुला माहीत आहे. काकूंना सांग." आई डबा धरून उभी. "सांग ना. एकदा म्हण. मी तुझं ऐकलं ना तेव्हा? ती माझ्या हातात होती आणि मी तुझं ऐकलं. आता तू म्हण."

आईचं तोंड उघडलं. ती म्हणेल असं मला वाटलं. कॅरन हॉलच्या दारात आली होती, तिला भाषा कळत नव्हती तरी तीही आईच्याच तोंडाकडे बघत होती. आईचे ओठ परत मिटले. मग ती काकूंकडे वळली. "बसा तुम्ही वर खुर्चीत," ती म्हणाली. "चहा ठेवते." आणि आत गेली.

ताई जिन्यावर आणखी थोडा वेळ उभी होती. मग इंग्रजीत म्हणाली, "हर नेम वॉज आस्फ्रिड." कोणाकडे बघून म्हणाली ते कळलं नाही. त्यानंतर ती आईशी मराठीत कधी बोलली नाही. दोघी पुढे खूप वर्षं फोनवर बोलायच्या, सणावाराला, आजारपणात. ताई इंग्रजीत विचारायची, आई मराठीत उत्तर द्यायची.